लग्न करून राहिल्या का?

जपानहून आलेल्या पत्राच्या शेवटच्या ओळीत जपानीत प्रश्न होता : ‘केक्कोन शिते इमासु का?’

‘केक्कोन’ म्हणजे लग्न. ‘शिते इमासु’ म्हणजे करणं चालू आहे. तीन वर्षं मी हेच तर घोकत आले होते. आणि ‘का’ म्हणजे का. आपलाच, ‘येता का’, ‘जेवलात का’मधला, वाक्याच्या शेवटी येऊन बसणारा. तीन तुकडे जुळले आणि डोक्यात जे वाक्य उमटलं ते थेट आमच्या नागपुरी घडणीचं : लग्न करून राहिल्या का?

माझं वय ४८. आई समोर लसूण सोलत बसली होती. तिला वाचून दाखवलं. हातातली पाकळी न सोडता ती म्हणाली, “कोनासंग?”

मी आपलं सरळ उत्तर लिहिलं : ‘इइए, केक्कोन शिमासेन.’ नाही, लग्न करत नाही. पुढचं पत्र आलं त्यात लग्नाचा विषयच नव्हता. त्यांच्या अंगणातल्या काकी पिकल्या होत्या, त्याबद्दल लांबलचक मजकूर होता. (काकी हे तिकडचं फळ आहे, नातं नव्हे.) ही भली बाई एकदम काकींकडे का वळली ते मला बऱ्याच उशिरा कळलं. तिने विचारलं होतं, ‘लग्न झालेलं आहे का?’ आणि मी कळवलं होतं, ‘नाही, लग्न करणार नाही.’ गच्चीवर उभं राहून प्रतिज्ञा करावी तसं.

जपानी शिकायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. मी इतवारीतल्या पाच-सहा दुकानदारांची खाती लिहिते, त्यांची जीएसटीची रिटर्न भरते. मार्च म्हणजे आमच्या धंद्यात सुगी. २०२० च्या मार्चात इतवारी बंद, दुकानं बंद, हातात काम नाही. माळ्यावर भाच्याचं एक पुस्तक सापडलं. तो जपानी कार्टून बघून बघून पेटला होता, पुस्तक आणलं, चाळीसेक पानांपर्यंत पेन्सिलच्या खुणा केल्या आणि इंजिनिअरिंगला पुण्याला निघून गेला. पुस्तक इंग्रजीतून जपानी शिकवणारं. मी म्हटलं, पाहू तरी.

अक्षरं तीन आठवड्यांत आली. त्याचं श्रेय माझं नाही. तक्ता कॅलेंडरच्या मागे लिहून फ्रिजवर चिकटवला होता, तर सातवी शिकलेली आई येता-जाता वाचू लागली : अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. चौथ्या दिवशी म्हणाली, “हे तं आपलीच हाय वं. मधातली मधातली गळाली.” आणि तसंच आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी जपानात नेली, तिच्याबरोबर वर्णमालेचा क्रमही गेला, आणि जपान्यांनी आपली अक्षरं त्या रांगेत उभी केली. आपल्याकडे ‘त’वर्गातल्या ‘न’नंतर ‘प’ येतो, त्यांच्याकडे ‘ह’; कारण त्यांचा ‘ह’ कधीकाळी ‘प’च होता. हे वाचलं त्या दिवशी मला वाटलं, झालं, सहा महिन्यांत ही भाषा आपली.

व्याकरण सुरू झालं आणि ती मिजास उतरली.

इंग्रजीतून जपानी शिकणं म्हणजे सीताबर्डीहून महालात जायला आधी वर्ध्याला जाऊन येणं. हे मला फार उशिरा दिसलं, कारण इंग्रजीतून आलेली गोष्ट जास्त शास्त्रशुद्ध असते असं आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. पुस्तक सांगे : ‘आवडणे’ या अर्थी शब्द आला की आवडत्या वस्तूला कर्माचा ‘ओ’ न लावता ‘गा’ लावा, हा अपवाद लक्षात ठेवा. मी लक्षात ठेवला. ‘समजणे’लाही तसंच, लक्षात ठेवा. मैत्रिणीला भेटणे, इथे ‘ओ’ नाही, ‘नि’, लक्षात ठेवा. वहीत लाल चौकटीत अपवादांची यादी वाढत चालली. एका दुपारी ती यादी बघताना सहज मराठीत म्हणून पाहिली. मला चहा आवडतो. चहा आवड-तो. इथे कर्ता कोण? चहाच की! मी बापडी चतुर्थीत, बाजूला. मला जपानी समजतं. समजतं कोण, तर जपानी. मैत्रिणी-ला भेटते. एकही अपवाद नव्हता. इंग्रजाला जे वळसे घालून समजवावं लागतं ते मी बोलायला लागल्यापासून बोलत होते, आणि तेच मी इंग्रजाच्या चुकांच्या यादीतून पाठ करत होते!

त्या दिवशी शाळेतला विभक्तीचा तक्ता काढला. काढला म्हणजे आठवला. तो पुसला थोडाच जातो? स, ला, ते. ने, ए, शी. ऊन, हून. चा, ची, चे. त, ई, आ. जपानी प्रत्यय एकेक करून समोर मांडले. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, आणि तोही तिन्ही लिंगांना एकच, काय आराम आहे. ‘कारा’ म्हणजे हून. ‘तो’ म्हणजे शी किंवा आणि. ‘मो’ म्हणजे ‘ही’. आणि ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’, किंवा नागपूरचा नुसता ‘न’ : चाल न, सांग न, बरं हाय न. हा एक प्रत्यय तर मी न शिकताच वापरू लागले.

पण खरी मौज झाली ती क्रियापदांच्या ‘ते’ रूपाशी.

हे ‘ते’ रूप म्हणजे जपानी व्याकरणातला चढाव. बहुतेकांची सायकल तिथेच उतरते. ताबेरु, खाणे, त्याचं ताबेते. हे सोपं. पण नोमु, पिणे, त्याचं नोंदे. काकु, लिहिणे, त्याचं काइते. मात्सु, वाट पाहणे, त्याचं मात्ते. हानासु, बोलणे, त्याचं हानाशिते. आणि इकु, जाणे, हा ‘कु’वर संपतो म्हणून त्याचं इइते व्हायला हवं, तर होतं इत्ते, त्या एकट्याला सूट. मी ही रूपं पाढ्यांच्या चालीवर म्हणत असे. मे महिन्यात, ४५ अंशांत, कूलरच्या घरघरीत. कूलर चालू असला की पुस्तकाबरोबरचं ध्वनिमुद्रण ऐकू येत नाही, बंद केला की जीव जातो. त्यामुळे माझं ऐकण्याचं जपानी पावसाळ्यात आणि हिवाळ्यातच वाढलं, उन्हाळ्यात खुंटलं. पुढे दिलेल्या जपानीच्या परीक्षेच्या गुणपत्रिकेवर ते दिसतं.

तर, रूपं पाठ होत होती, उपयोग कळत नव्हता. पुस्तकात ‘ते’नंतर ‘ओकु’ लावलं तर ‘पूर्वतयारी म्हणून एखादी क्रिया आधी करणे’. ‘मिरु’ लावलं तर ‘परिणाम काय होतो हे जाणण्यासाठी क्रिया करणे’. ‘शिमाउ’ लावलं तर ‘क्रिया पूर्णतः, क्वचित खेदजनक रीतीने, संपवणे’. कायद्याच्या कलमांसारखं. मी प्रत्येकाची पाच-पाच वाक्यं लिहिली, सगळी निर्जीव.

आणि एके संध्याकाळी स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला : “पाटोडी करून ठेवली हाय. एक खाऊन पाह्य. काल तुह्या भावानं निम्मी खाऊन टाकली. मी जरा गिरणीवर जाऊन येते.”

मी पेन खाली ठेवलं.

‘ओकु’ या क्रियापदाचा सुटा अर्थ आहे ठेवणे. ‘मिरु’चा सुटा अर्थ पाहणे. ‘शिमाउ’चा संपवणे, आवरून टाकणे. ‘कुरु’ म्हणजे येणे. करून ठेवली, त्सुकुत्ते ओइता. खाऊन पाह्य, ताबेते मिते. खाऊन टाकली, ताबेते शिमात्ता. जाऊन येते, इत्ते कुरु. पुस्तकाची चार प्रकरणं आई एका दमात बोलून, पिशवी घेऊन, चपला घालून गेलीसुद्धा.

त्यातलं शेवटचं तर अख्ख्या जपानात रोज सकाळी दारात म्हटलं जातं : ‘इत्ते किमासु’, जाऊन येतो. घरातले म्हणतात ‘इत्ते इराश्शाइ’, जाऊन या. नुसतं ‘जातो’ म्हणू नये हे आपल्याकडे आज्यांनी शिकवलेलं असतं. हा धागा इथून तिथे कसा गेला म्हणून मी शोधत बसले, तर तो गेलेला नाही. भाषांची कुळं वेगळी, कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही. पण कॉलिन मॅसिका नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९७६ साली अशा खुणांचा माग काढला : क्रियापद शेवटी, ‘करून’सारखं धातुसाधित, ‘टाकलं-ठेवलं’सारखी जोडक्रियापदं, ‘मला आवडतं’ची ठेवण. आपल्या उपखंडातल्या या खुणा मध्य आशियातून पार जपान-कोरियापर्यंत कुठे कुठे उमटतात हे त्याने दाखवलं. हे वाचून बरं वाटलं. आईला सांगितलं, तर तिला गिरणीत दळण बदललं गेल्याची काळजी जास्त होती.

आता ‘ते’मागून येणारा सगळ्यात मोठा, ‘इरु’. इरु म्हणजे असणे, राहणे. ताबेते इरु. पुस्तक म्हणे, ‘खात आहे’. पण घटक सुटे करून वाचले तर : खाऊन… राहिली.

हे वाक्य मी वाचलं आणि सातवी ‘ब’चा वर्ग डोळ्यांपुढे आला. निबंधात मी लिहिलं होतं, ‘पाऊस पडून राहिला होता.’ मराठीच्या बाईंनी त्याखाली दोन लाल रेघा मारल्या आणि वर्गात वाचून दाखवलं. ‘पडत होता’ म्हणावं, ‘पडून राहिला’ ही हिंदीची छाया, अशुद्ध. वर्ग हसला. त्या हसणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या घरी पाऊस पडूनच राहत होता. हिंदीचा शेजार तर खराच आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, कचेऱ्यांत दोन्ही भाषा नांदत होत्या. पण ‘अशुद्ध’ हा शब्द मी पुढे तीस-पस्तीस वर्षं बाळगला. पुण्या-मुंबईच्या लोकांशी बोलताना मी मनातल्या मनात ‘करून राहिले’चं ‘करते आहे’ करून मगच तोंड उघडते. अजूनही. फोनवर तर अर्धा सेकंद जास्त लागतो.

आणि इथे टोकियोपासून खेड्यापर्यंत अख्खा देश पाऊस पडूनच राहिला म्हणतो : आमे गा फुत्ते इरु. वर बोलताना त्यातला ‘इ’ गाळतात, शिते इरुचं शितेरु होतं. जसं आमच्याकडे ‘करून राहिलो’चं ‘करून रायलो’. त्या रात्री मला झोप येईना. सूड उगवल्यासारखं वाटत होतं, आणि कुणावर, तर बिचाऱ्या बाईंवर, ज्या मला कविता शिकवायच्या तेव्हा स्वतःही रडायच्या.

एक गोष्ट मात्र कबूल करते. त्या आनंदात मी पुढची दोन पानं वाचलीच नाहीत.

२०२२ च्या डिसेंबरात पुण्याला जाऊन परीक्षेची पहिली पायरी, एन-५, पार केली होती. पाच पायऱ्या असतात, एन-५ सगळ्यात खालची, एन-१ शिखर. पायरी पार केली तरी कुणा जपानी माणसाशी मी एक वाक्य बोलले नव्हते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीच्या दिवसांत, कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला गेले. नोरिको ओगावा या जपानी बाईंच्या देणगीतून उभं राहिलेलं हे बुद्धविहार. नागपूरला जपान तसा परका नाही. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई साठच्या दशकात भारतात आले, पुढे इंदोऱ्याच्या विहारात राहिले, इथलेच नागरिक झाले. मेट्रोने इंदोरा चौकावरून जाताना मला नेहमी वाटायचं, पंखा तो, खुर्ची ती आणि टेबल ते, हे या माणसाला कुणी आणि कशाच्या आधारावर समजावून सांगितलं असेल? त्यांच्या भाषेत लिंग नाही, वचन जवळपास नाही. आपण जपानीला अवघड म्हणायचं म्हणजे जरा अतीच.

तर विहाराच्या पायऱ्यांवर जपानी पाहुण्यांचा एक गट सावली शोधून बसला होता. कडेला एक म्हातारी बाई, रुमालाने वारा घेत. मी धीर गोळा केला आणि म्हटलं, “किनोओ वा अत्सुइ देशिता ने.” काल फार ऊन होतं ना.

तिचा चेहरा उजळला. मान हलवून म्हणाली, “हाइ, अत्सुकत्ता देसु ने.”

माझं वाक्य चुकलं होतं. तिने चूक दाखवली नाही. हो म्हणता म्हणता तेच वाक्य दुरुस्त करून माझ्या हातात परत दिलं, सुटे पैसे मोजून द्यावेत तसं. जपानीत विशेषणालाच भूतकाळ होतो. ‘गरम होतं’ असं दोन तुकड्यांत म्हणायचं नाही. गरम हा शब्दच जुना करायचा. अत्सुइ, अत्सुकत्ता. हे मी शंभर वेळा लिहिलं होतं, आणि ऐन वेळी तोंडातून ‘होतं’ निघालंच. परतीच्या बसमध्ये लक्षात आलं की यालाही आपल्याकडे जागा आहे : उकडतं, उकडलं. ‘काल काय उकडलं!’ त्यात ‘होतं’ कुठे आहे? उन्हाळ्याच्या बाबतीत तरी विदर्भाची भाषा जपानीइतकीच काटकसरी आहे.

ती बाई ओकायामाकडची, निवृत्त शिक्षिका. तिने पत्ता दिला. पत्र म्हणजे ईमेलच, पण तिकडून येतं ते आधी हवापाण्याची, ऋतूची विचारपूस करून येतं, त्यामुळे पत्रच म्हणावंसं वाटतं. मी तिला सेन्सेई म्हणते. लग्नाचा प्रश्न तिचाच.

त्या प्रतिज्ञेनंतर महिन्याभरात दुसरा घोळ झाला. अकोल्याचे मामा यायचे होते. मी सेन्सेईंना लिहिलं : ‘ओजि गा किते इमासु.’ मामा येऊन राहिले. त्या वेळी मामांची गाडी बडनेऱ्याला उभी होती, हे मामांनीच फोनवर सांगितलं होतं. उत्तर तासाभरात आलं, एरवी चार दिवस लागतात : अरे, मग पत्र कसलं लिहिता, पाहुण्यांजवळ बसा, आपण नंतर बोलू.

त्या दोन पानांत, जी मी गाळली होती, लिहिलेलं होतं की सगळी क्रियापदं सारखी नसतात. खाणं, लिहिणं, पाऊस पडणं या वेळ घेणाऱ्या क्रिया. त्यांना ‘ते इरु’ लावलं की चालू आहे. पण येणं, जाणं, मरणं, लग्न करणं, हे जपानी मनाला एका क्षणात घडणारं वाटतं. उंबरठा ओलांडला, झालं. अशा क्रियापदाला ‘ते इरु’ लावलं की अर्थ होतो, ते घडून गेलेलं आहे आणि माणूस त्या अवस्थेत आहे. किते इरु म्हणजे आलेला आहे, इथेच आहे. इत्ते इरु म्हणजे गेलेला आहे, तिथेच आहे. शिंदे इरु म्हणजे मेलेला आहे. आणि मी त्याआधी एका पत्रात आमच्या गल्लीतलं आजारी कुत्रं ‘शिंदे इमासु’ म्हणून कळवलं होतं. सेन्सेईंनी शोक व्यक्त केला होता. कुत्रं दुसऱ्या दिवशी उठून पोळी खाऊन गेलं.

म्हणजे ज्या दारातून मी थाटात आत शिरले होते त्याच्या चौकटीवर माझं डोकं आपटलं. ‘करून राहिला’ने मला जपानीत आणलं खरं, पण अर्ध्याच क्रियापदांपुरतं. उरलेल्या अर्ध्यांना काय लावायचं?

मामा रात्री जेवताना आईला म्हणाले, “तुहा तो चुलतभाऊ अजून गावातच हाय काय?” आई म्हणाली, “नाही, तो तं कवाचाच सुरतेले जाऊन बसला.”

जाऊन बसला! माझा घास हातात राहिला. जाऊन बसला, येऊन बसलाय, मरून पडलंय, रुसून बसली. चालू क्रियेला ‘राहणे’, घडून गेलेल्या अवस्थेला ‘बसणे’ आणि ‘पडणे’. जपानी दोन्हीसाठी एकच ‘इरु’ वापरतात, आम्ही वेगवेगळे. तेव्हापासून पत्र लिहिताना मी हळूच दोन्ही म्हणून बघते : येऊन राहिला की येऊन बसला? बसला असेल तर जपानीत ‘किते इरु’ चालतं, राहिला असेल तर वाक्य बदलायचं. लग्नाचं तेवढं जमत नाही. लग्न करून बसले का, असं विचारलं तर ती चौकशी न राहता दुखवटा होतो.

एन-४ च्या परीक्षेबद्दल थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. २०२३ चा डिसेंबर, रात्रीच्या गाडीने पुणे, १८० पैकी ९० गुण लागतात, मला ८४. बाहेर पायऱ्यांवर एका मुलीशी ओळख झाली, तिला मी म्हटलं, “मी वर्षभर करून राहिले, तरी वेळ पुरला नाही.” ती गोड हसली. म्हणाली, “तुम्ही नागपूरच्या का?” मला तिला ‘ते इरु’ समजावून सांगायची प्रचंड इच्छा झाली. पण तिने सगळा पेपर सोडवला होता, मी नाही.

आणि तिथे माझ्या मराठीने मला बुडवलंही, हे सांगायला हवं. ‘बागेत फिरते’ यातल्या ‘त’साठी मी डोळे झाकून ‘दे’ निवडला. जपानीत बाग ही फिरण्याची जागा नसून जणू पायाखाली जाणारं कर्म आहे : कोएन ओ सांपो सुरु. बाग फिरते, असं. नागपुरात राहते, इथे ‘नि’. नागपुरात काम करते, इथे ‘दे’. आपला ‘त’ दोन्हीकडे बिनतक्रार बसतो, त्यामुळे त्यातला फरक मला आतून जाणवतच नाही. त्यात भर म्हणजे कंपनीत काम करणे ‘दे’ आणि कंपनीत नोकरीला असणे ‘नि’. शेवटी ‘नोकरी-ला’ असा ‘ला’ धरून हे एक पक्कं केलं. बाकी अजून डळमळतंय.

सगळ्यात डळमळतात ‘वा’ आणि ‘गा’. ‘वा’ लिहितानाच फसवतो. लिहायचा ‘हा’, म्हणायचा ‘वा’. १९४६ साली जपान्यांनी लेखन उच्चाराप्रमाणे सुधारलं, पण हे दोन-तीन प्रत्यय जुन्या वेशातच ठेवले. असू दे. आपणही १९६२ च्या नियमांनी कितीतरी अनुस्वार पुसले आणि आईच्या पोथीत ते अजून जागच्या जागी आहेत. लिहिण्याचं दुःख नाही. दुःख हे की दोन्ही कर्त्यालाच लागतात, असं दिसतं तरी. नाहीतर वाक्य असं येतं : झो वा हाना गा नागाइ. हत्ती ‘वा’, नाक ‘गा’ लांब. आता यात कर्ता कोण? इंग्रजीतून याची फोड दीड पान चालते. मराठीत ‘हत्तीचं म्हणाल, तर सोंड लांब’ म्हटलं की संपलं. ‘वा’ म्हणजे आपला ‘म्हणाल तर’. सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर भाऊ हातात ताटल्या घेऊन ओरडतो, “पोहे कोण?” आणि चांगली शिकलेली माणसं ओरडतात, “मी पोहे! हा समोसा!” जपानी माणूसही हॉटेलात तसंच म्हणतो, बोकु वा उनागि, मी वाम मासा. कुणी कुणाला हसत नाही.

दुसरी युक्ती मला कहाणीत सापडली. आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या. जपानी गोष्ट अशीच सुरू होते, आणि राजा पहिल्यांदा येतो तेव्हा ‘गा’, दुसऱ्यांदा येतो तेव्हा ‘वा’. आपण पहिल्यांदा ‘एक राजा’ म्हणतो, मग नुसता ‘राजा’. ओळख करून देताना ‘गा’, ओळख झाल्यावर ‘वा’. याला मी आटपाट नगराचा नियम म्हणते आणि दहापैकी सहा-सात वेळा तो तारतो.

परवा, जानेवारीतल्या थंडीत, सेन्सेईंना आमच्या घराचं चित्र लिहीत होते. शेवटी ओळ घातली : दाइदोकोरो दे हाहा वा मामे ओ मुइते इमासु. स्वयंपाकघरात आई तुरीच्या शेंगा सोलून राहिली. शेंगांना शब्द मिळेना म्हणून ‘मामे’वर, दाण्यांवर, भागवलं. क्रियापद तपासलं, सोलणं वेळ घेणारं काम, ‘मुइते इमासु’ बरोबर. जागेला ‘दे’, काम चाललंय म्हणून, बरोबर. आई पत्रांत वर्षभर येते आहे, तिची ओळख कधीच झालेली. आटपाट नगराप्रमाणे ‘वा’. पाठवलं.

पत्र दुरुस्त होऊन आलं. पूर्ण पानावर एकच लाल खूण. ‘हाहा वा’मधला ‘वा’ खोडलेला, वर बारीक अक्षरात ‘गा’. कारण लिहिलेलं नाही. बाजूला एक फूल काढलंय, तिकडे शाबासकीला काढतात तसं.

मी अर्धा तास त्या अक्षराकडे बघत बसले. ओळख झालेल्या आईला ‘गा’ का? डोळ्यांसमोर जे दिसतंय ते पहिल्यांदाच दिसल्यासारखं सांगायचं असेल तर? का आणखी काही?

“काऊन वं, एवढं काय पाहून राहिली?” आई आतून म्हणाली. सोलेभाताचा वास सुटला होता.

“चुकलं गं एक अक्षर.”

“एकच न?” ती म्हणाली. “मंग जेवून घे.”